मास्तरांची पन्नास मिनिटं

मास्तरांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नाही. पण त्यांना चुका काढायची सवय, आणि चूक सापडली की समोरच्याकडून ती दुरुस्त करून तीनदा म्हणवून घ्यायची त्याहून वाईट सवय, म्हणून आमच्या संस्थेत शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आमची संस्था शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापते. मास्तर जन्मापासून आंधळे आहेत. कुणी दृष्टिहीन वगैरे म्हटलं की ते शांतपणे विचारतात, "म्हणजे आंधळाच ना?" त्यामुळे मीही सरळ आंधळेच म्हणते.

एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसतोय. मी मूळ पुस्तक मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ब्रेलच्या पानावरून बोटं फिरवायची, आणि माझं वाचन आणि त्यांचं बोट जिथे जुळणार नाही तिथे त्यांनी म्हणायचं, "थांबा." मग चूक माझ्या तोंडाची की पानावरच्या ठिपक्यांची ते ठरवायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं मला तोंडानं म्हणावं लागतं. आमचे हे सांगत सुटतात की घरी मीठ मागतानाही मी शेवटी पूर्णविराम म्हणते. असं एकदाच झालं होतं, आणि तेही परीक्षेच्या पुस्तकांची घाई होती तेव्हा.

आमची खोली पहिल्या मजल्यावर. शेजारच्या खोलीत ठिपके उठवणारं यंत्र दिवसभर धडधडतं, इतकं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलतं. पान सरकू नये म्हणून मास्तरांच्या बाजूला जाड कापड पसरलेलं, आणि दिवा फक्त माझ्या बाजूला.

या नोकरीच्या आधी मास्तर सहा वर्षं एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर होते. आंधळा माणूस दिसला की त्याला फोनवर बसवायचं, असा तेव्हा रिवाजच होता. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोललेत. म्हणाले, "सहा वर्षांत एकानंही मला असं म्हटलं नाही बाई, की मला तुमच्याशीच बोलायचंय." तिथे एका साहेबानं त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की तुम्हा लोकांचा वेळ जातो कुठे तेच कळत नाही. तेव्हापासून मास्तर स्वतःच्या वेळेची नोंद ठेवतात. आधी ब्रेलच्या पाटीवर ठेवायचे, आणि संगणक बोलायला लागला तेव्हापासून संगणकात.

ही नोंद म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. तिच्यात रंग, चित्रं, चौकटी काही नाही. कामाच्या नावापुढे तारका, नावाखाली सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. एक बटण दाबलं की घड्याळ सुरू, दुसरं दाबलं की बंद. आठवड्याच्या शेवटी सांगितलं की तोच प्रोग्राम सगळ्या वेळांची बेरीज करून वर तक्ता मांडतो. बोलणारा संगणक हे सगळं मास्तरांच्या एका कानात वाचून दाखवतो आणि दुसरा कान माझ्यासाठी मोकळा असतो. मी त्यांना चिडवायचे, की मास्तर, तुम्ही शिंकलात तरी त्याची नोंद होत असेल. ते म्हणायचे, दोनदा शिंकलो तर करतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. याआधी त्या एका मोठ्या गोदामाचा कारभार बघायच्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांना सगळं चटकन दिसायला हवं असतं. त्यांनी वेळेच्या नोंदीसाठी एक रंगीत प्रोग्राम आणला. प्रत्येकानं आपल्या कामाच्या रंगाच्या चौकोनावर टिचकी मारायची. मास्तरांच्या कानात तो प्रोग्राम एवढंच म्हणायचा: "बटण. बटण. बटण. नाव नसलेलं चित्र." त्यांनी चार दिवस प्रयत्न केला आणि मग ते आपल्या फाइलमधल्या वेळा मला सांगायला लागले आणि मी त्या तिकडे भरायला लागले. पण तिथे पुस्तकामागे एकच आकडा मावायचा. महिन्याच्या शेवटी भिंतीवर गोल आलेख लागला, तेव्हा आमचं टेबल संस्थेत सगळ्यांत मंद ठरलं होतं.

मॅडमनी आम्हाला बोलावून समजावलं. आता यंत्रच छापील मजकुराचं ब्रेल करतं, मग एवढं हातानं वाचायची गरज आहे का? पुढच्या महिनाअखेर त्या ठरवणार होत्या. टेबल बंद झालं तर मी दुसऱ्या विभागात वाचेन, आणि मास्तरांना खाली स्वागतकक्षात फोनवर घेता येईल. हे त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या. बसून काम आहे, मास्तर, त्रास काही नाही.

मास्तर "बरं" म्हणाले. जिना उतरताना ते एरवी कठड्याला हात लावत नाहीत, त्या दिवशी लावला. टेबलावर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, आपल्या कामात काय काय असतं ते त्यांना एका आकड्यात कळणार नाही. अहवाल बदलायला हवा."

मग जे काही सुरू झालं ते मी तीन आठवडे सोसलं. मास्तरांनी आधी एका 'वाचना'चे चार भाग केले: वाचन, आकृत्या, यंत्राच्या चुका आणि शंका. आकृत्या म्हणजे पुस्तकात हृदयाचं चित्र आलं की ते आंधळ्या मुलाला शब्दांत कसं सांगायचं यावर आमची होणारी भांडणं. शंका म्हणजे इतर विभागांतले लोक येऊन मास्तरांना विचारतात ते. प्रत्येक भागाला त्यांनी वेगळं बटण दिलं, आणि दिवसभर त्यांचा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा पानावर असायचा.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. शनिवारी दुपारी घड्याळ बंद करायचं राहून गेलं. सोमवारी सकाळी अहवालात सातवीच्या विज्ञानापुढे त्रेचाळीस तास जास्त. रविवारी मास्तर जेवले, झोपले, केस कापून आले, मेव्हण्याशी भांडले, ते सगळं सातवीच्या विज्ञानात जमा. मी पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत. दोन तासांहून लांब नोंद दिसली की अहवालानं आधी तिच्याबद्दल विचारावं, अशी सोय त्यांनी त्याच दिवशी करून टाकली.

खरी डोकेदुखी तक्त्याची होती. डोळ्यांना तक्ता बरा दिसतो, पण कानाला तो असा ऐकू येतो: "उभी रेघ, सातवी विज्ञान, उभी रेघ, उभी रेघ, तीन अपूर्णविराम चाळीस, उभी रेघ." मास्तर म्हणाले, मला कुंपणातून चालल्यासारखं वाटतं. त्यांना तक्त्याच्या जागी सरळ वाक्यं हवी होती. तशी सोय त्या प्रोग्राममध्ये आहे, पण ती आपली आपण लिहून द्यावी लागते, आणि ती लिहायची म्हणजे नुसते कंसच कंस. एक उघडला आणि मिटला नाही तर दिवस वाया. जेवायच्या सुट्टीत मास्तर डबा बाजूला ठेवून कंस मोजत बसायचे. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, मला फोनवर म्हणाल्या, "काल विचारलं, आणखी वाढू का, तर म्हणतात, आधी कंस मिटू दे."

अकराव्या दिवशी कंस मिटला. मास्तरांनी कानातली वायर काढली आणि आवाज मोठा करून मला ऐकवलं. संगणक म्हणाला: "सातवी विज्ञान. वाचन, तीन तास चाळीस मिनिटं. आकृत्या, एक तास पाच मिनिटं. यंत्राच्या चुका, सापडल्या चौदा, वेळ पन्नास मिनिटं. शंका, शून्य मिनिटं." मी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचं समाधान झालं नव्हतं. शून्य मिनिटांच्या ओळी गाळायच्या, असा आणखी एक नियम त्यांनी घातला. जे घडलंच नाही ते कानात कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण इथवर मी शिताफीनं टाळलंय.

त्या वर्षभरात मी दिवा तीनदा बदलून घेतला होता. छापखान्याच्या शाईला नावं ठेवली होती, कागदाला ठेवली होती, चष्मेवाल्याला तर दुकानात जाऊन ठेवली होती. शेवटी गुपचूप डॉक्टरकडे गेले. त्यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा. मी घाबरले. डोळ्याला सुरी लागणार, ही पहिली भीती. आणि वाचणाऱ्या बाईचे डोळे बिघडलेत हे कळलं तर तिला ठेवणार कोण, ही दुसरी भीती. घरी सांगितलं नाही आणि ऑफिसात तर ताकाला तूर लागू दिली नाही. अडखळले की खोकल्याचं निमित्त करायचं, डोळे धुऊन यायचं आणि ओळ पुन्हा वाचायची. मास्तरांना काय दिसतंय, असं मला वाटायचं. एकोणीस वर्षं समोर बसूनही माझी अक्कल एवढीच.

महिनाअखेर आली. मास्तरांनी अहवाल एका पानावर छापून मॅडमपुढे ठेवला. त्यांनी तो सवयीनं नजरेनं चाळला, मग थांबल्या आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. मध्येच अध्यक्षांचा फोन आला तेव्हा त्यांनी तेच पान त्यांना वाचून दाखवलं, आणि वाक्यंच असल्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही. महिन्यात यंत्राच्या दोनशे सतरा चुका आम्ही पकडल्या होत्या, हा आकडा त्यांनी दोनदा म्हटला. मला वाटलं, जिंकलो.

मग मॅडमनी पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात बेरीज केली. गोदाम सांभाळलेली बाई. म्हणाल्या, दिवसाचं काम सात तासांचं, आणि या पानावर रोजचे सरासरी सहा तास दहा मिनिटं भरतात.

"रोज पन्नास मिनिटं कमी आहेत, मास्तर. ती कुठे जातात?"

 मास्तर म्हणाले, "ती माझी आहेत. बोटं थकतात आता. मध्ये थांबावं लागतं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. बघते आणि सोमवारी सांगते, असं म्हणून आम्हाला जायला सांगितलं.

मी सुन्न होऊन बाहेर आले. मास्तरांची बोटं थकतात ही धादांत थाप होती. संध्याकाळी सहाला इतरांच्या माना मोडलेल्या असतात तेव्हाही त्यांचं बोट एक ठिपका सोडत नाही. मिनिटाचाही हिशेब चुकू न देणारा हा माणूस पन्नास मिनिटांबद्दल खोटं बोलला होता, आणि तेही स्वतःला फोनवर बसवणारं खोटं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला तेव्हाच काहीतरी कळलं असणार, कारण मास्तर हात धुवायला गेले तशी मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि फाइल उघडली.

साधा मजकूर असल्याचा हाच फायदा आणि हाच तोटा, की ज्याला वाचता येतं त्याला सगळं वाचता येतं. मी अक्षरं अंगठ्याएवढी मोठी केली. अहवालाच्या डोक्यावर एक ओळ असते. कुठले दिवस घ्यायचे, किती तपशील दाखवायचा, कुठल्या नोंदी वगळायच्या, ते सगळं तिच्यात. त्या ओळीच्या शेवटी वजाचं चिन्ह होतं, आणि त्याला चिकटून एक शब्द: पुन्हा.

खाली गेले. चार भागांशिवाय पाचवा भाग होता, 'पुन्हा वाचन', आणि तो मार्चपासून होता. एका दिवसात एकोणतीस नोंदी. कुठे एक मिनिट, कुठे दोन. मधूनच सहा मिनिटं: बाई डोळे धुवायला गेल्या. सगळ्यांत वर, पहिल्या दिवशी, मास्तरांनी लिहिलं होतं: "८ चा ३ वाचला. दिवा नवा आहे, तरी." मेमध्ये: "बाईंना विचारावं का?" त्याखाली, दुसऱ्या दिवशी: "नको. त्या सांगतील तेव्हा सांगतील."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मास्तर दारात आले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीतूनच त्यांच्यावर तोफ डागली. मी कुणाकडे कीव मागितली होती का, माझ्या पन्नास मिनिटांचं ओझं तुम्ही कोणाला विचारून घेतलंत, आणि खोटंच बोलायचं होतं तर एवढे कंस मोजायचे कष्ट कशाला केलेत, असं बरंच काही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाची कड चाचपत माझ्या खुर्चीत, म्हणजे दिव्याच्या बाजूला, बसले.

"मला निदान फोनवर तरी बसवतील, बाई," ते म्हणाले. "डोळे गेलेल्या वाचणाऱ्या बाईला कुठे बसवणार?"

"डोळे कुठे गेलेत? मोतीबिंदू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मोतीबिंदू. काढतात तो. पंधरा दिवसांत माणूस वाचायला लागतो."

शेजारचं यंत्र एक अख्खं प्रकरण छापून थांबलं. मग मास्तर म्हणाले, "माझ्या डोळ्यांबद्दल आमच्या आईला डॉक्टर म्हणाले होते, काही होण्यासारखं नाही. मला वाटलं, डोळ्यांच्या बाबतीत ते सगळ्यांना तेच सांगतात." आणि एकदम मास्तरांच्या आवाजात, "मग इतके महिने काढला का नाही?"

"भीती वाटते."

"कशाची? न दिसण्याची? मला विचारायचं होतं, मी सांगितलं असतं. तेवढं काही वाईट नसतं."

मी रडता रडता हसायला लागले. आठ महिने ते माझी काळजी एकेका मिनिटानं लिहून ठेवत होते आणि मी त्यांच्यासमोर खोकत होते. आमच्या दोघांपैकी कुणाला दिसत नव्हतं, ते तुम्हीच ठरवा.

मी मास्तरांना उठवलं आणि आम्ही परत जिना चढलो. मॅडम निघायच्या तयारीत होत्या. मी सांगितलं, ती पन्नास मिनिटं माझी आहेत. मास्तरांना म्हटलं, तो वजा काढा. मी तिथल्याच संगणकावर त्यांची फाइल उघडून दिली, आणि त्यांनी मॅडमच्या खुर्चीत बसून त्या ओळीतला शेवटचा शब्द खोडला आणि अहवाल पुन्हा मांडला. आता दिवसाचे बरोबर सात तास भरले. मॅडमनी फेब्रुवारीचा अहवालही मागितला, म्हणजे पुन्हा वाचन सुरू व्हायच्या आधीचा. मास्तरांनी तो चुटकीसरशी काढून दिला. तेव्हा आमचं टेबल आताच्यापेक्षा चांगलंच वेगानं चालत होतं.

मॅडमनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. मला रजा दिली. सोमवारचा निर्णय लांबणीवर टाकला. आणि मी परत येईपर्यंत मास्तरांसमोर कोण वाचणार, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "मी बसते. मलाही बघायचंय, दोनशे सतरा चुका म्हणजे काय ते."

पुढचं मला वहिनींकडून आणि शिपायाकडून कळलं, कारण मी डोळ्याला पट्टी लावून घरी पडले होते. मॅडम रोज दोन तास आमच्या टेबलावर बसल्या. पहिल्या दिवशी स्वल्पविराम म्हणायला विसरल्या म्हणून मास्तरांनी त्यांनाही वाक्य तीनदा म्हणायला लावलं. चौथ्या दिवशी विज्ञानाचा एक प्रयोग आला. मॅडमनी वाचलं, "पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला." मास्तर म्हणाले, "थांबा. माझ्याकडे बारा चमचे आहे." एक छेद दोन यातली मधली रेघ यंत्रानं गिळली होती. मॅडमनी मागची पानं काढायला लावली, आणि प्रत्येक ठिकाणी ती रेघ गिळलेली निघाली. त्या दिवशी त्या दोन तासांऐवजी पाच तास बसल्या. स्वागतकक्षातल्या फोनसाठी पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या माणसाची जाहिरात दिली. भिंतीवरचा गोल आलेख काढला नाही, पण त्याच्या शेजारी मास्तरांच्या वाक्यांचं पान लावायला लागल्या, आणि आता बाकीचे विभागही तसलंच पान मागतात.

दोन्ही डोळे होऊन मी परत आले तो दिवस मला जन्मभर आठवेल. खुर्चीत बसले, समोर बघितलं आणि दचकले. मास्तरांचे सगळे केस पांढरे झाले होते.

"मास्तर, तुम्ही म्हातारे झालात."

"कधी?"

"कोण जाणे. मला आत्ता दिसलं."

"अरेरे," ते म्हणाले, "याची नोंद ठेवायला हवी होती." आणि त्यांनी घड्याळ सुरू केलं.

त्या आठवड्यात आम्ही आठवीचं गणित वाचलं. आकडेच आकडे, आठ आणि तीन शेजारी शेजारी, आणि प्रत्येक आठ मला आठ दिसत होता. शनिवारी मास्तरांनी घड्याळ न विसरता बंद केलं, अहवाल छापला आणि माझ्यापुढे सरकवला. वाचन, आकृत्या, यंत्राच्या चुका, शंका. शून्य मिनिटांच्या ओळी गाळायच्या, हा त्यांचाच नियम होता. तरी सगळ्यांत खाली एक ओळ त्यांनी मुद्दाम ठेवली होती. मी ती मोठ्यानं वाचली, पूर्णविरामासकट.

"पुन्हा वाचन, शून्य मिनिटं, पूर्णविराम."

मास्तर म्हणाले, "थांबा. आणखी दोनदा म्हणा." मी म्हटलं.